समुद्राच्या तळाशी घातलेला नळ

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात हायस्कूलमधील एका सहाय्यक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी चिटणीस साहेबांची इच्छा होती. या विषयावर आपण दरवर्षी एक तरी भाषण ऐकता आणि घरी जाताना ते इथेच विसरून जाता, यात आपला दोष नाही. म्हणून मी आज एका नळाविषयी बोलणार आहे. हा नळ आपल्या रायगड जिल्ह्यात उरणच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतो आणि त्याचे दुसरे टोक भर समुद्रात आहे. या सभागृहात अशी थोडीच घरे असतील की ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा जावई आखातात अथवा जहाजावर नाही. त्यांपैकी कित्येक जण अशाच नळांच्या कामावर आहेत. ते दरमहा पैसे पाठवतात हे आपणांस ठाऊक असते, परंतु तिथे ते नेमके काय करतात हे आपण क्वचितच विचारतो.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी वर्तुळाचा परीघ शिकवीत होतो. माझा मूळ विषय भूगोल, पण गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे तो तास माझ्याकडे आला होता. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, ह्याचा आम्हाला काय उपयोग? आम्ही तर समुद्रावर जाणार." मी उत्तर दिले, "परीक्षेत चार मार्कांना येते." वर्ग हसला, तो खाली बसला. दहावीच्या मध्यावरच त्याने शाळा सोडली. त्या मुलाकडे मी शेवटी पुन्हा येईन. आधी नळाकडे वळू या.

आपल्या देशात १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजेच ओएनजीसी, स्थापन झाला. पुढे रशियन तज्ज्ञांच्या साहाय्याने खंबायतच्या आखाताची व पश्चिम समुद्राची पाहणी झाली. जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे यंत्र १९७३ साली आले. चार नव्हे तर अनेक मजल्यांची इमारत पायांवर उभी राहावी तसे ते पाय समुद्रतळावर टेकवून उभे राहते व तळात भोक पाडते. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. त्या जागेला बॉम्बे हाय हे नाव पडले, आज तिला मुंबई हाय म्हणतात. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. १९८५ च्या सुमारास देशात निघणाऱ्या एकूण तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल या एकाच जागेतून येत होते.

आता प्रश्न असा उद्भवतो की, एवढे तेल किनाऱ्यावर आणायचे कसे? प्रारंभी समुद्रातच एका मोठ्या बोयऱ्याला टँकर बांधून तो भरला जाई. परंतु पावसाळ्यात आपला समुद्र कसा असतो हे या सभागृहात मी कोणाला सांगावे? जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. टँकरचेही तेच हाल. शिवाय तेलाबरोबर निघणारा वायू टँकरात भरता येत नाही, तो जाळून टाकावा लागतो. म्हणून समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत सुमारे २०० किलोमीटर लांबीचे नळ घालण्यात आले, एक तेलासाठी व एक वायूसाठी. १९७८ साली त्यांतून माल येऊ लागला. तेलाचा नळ ३० इंच व्यासाचा. उरणला त्या वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो. थळचा खत कारखानाही याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. तेव्हा माता-भगिनींनो, चुलीवरचा धूर आपल्या घरातून गेला त्यात या नळाचा वाटा आहे.

समुद्रात नळ घालण्याची कल्पना तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इंग्रजांनी फ्रान्समधील आपल्या सैन्याला पेट्रोल पोचविण्यासाठी इंग्लिश खाडीच्या तळाशी नळ घातले. त्या योजनेचे नाव 'प्लुटो'. तीन इंची पोलादी नळ त्यांनी प्रचंड तरंगत्या रिळांवर दोऱ्यासारखा गुंडाळला आणि ते रीळ जहाजाने ओढत नेले. बारीक नळ असा गुंडाळून नेण्याची युक्ती आजही वापरात आहे. पण तीस इंची जाड नळाचे काय? तो जागेवरच तुकड्या-तुकड्याने जोडावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुम्हांला एक कोडे घालतो. पोलादी नळ समुद्रात टाकला तर बुडेल की तरंगेल? मी बी. ए. झालेला माणूस, मलाही वाटले की लोखंड बुडणारच. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला कागद-पेन्सिल घेऊन बसविले. तीस इंच म्हणजे सुमारे ७६ सेंटीमीटर व्यास. पोलादाची जाडी पाऊण इंच धरा. अशा एक मीटर नळाचे वजन सुमारे ३५० किलो भरते. पण दोन्ही टोके बंद असलेला तोच नळ सुमारे ४६५ किलो समुद्राचे पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजचा नियम तुम्हांला आठवीपासून ठाऊक आहे. सारलेल्या पाण्याचे वजन जास्त, म्हणून नळ तरंगणार! तेव्हा त्याला मुद्दाम जड करावे लागते. गंज लागू नये म्हणून आधी डांबरासारखा लेप, व त्यावर काँक्रीटचे जाड आवरण चढवितात. खनिज लोखंडाची खडी घातलेले जड काँक्रीट पाच सेंटीमीटर जाडीचे चढविले, तर हिशेब उलटतो आणि मीटरमागे सुमारे १३० किलो वजन नळाला तळाशी धरून ठेवते. हा सारा हिशेब आपल्या पाठ्यपुस्तकाबाहेरचा नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ, घनता आणि आर्किमिडीज, एवढीच त्याची सामग्री.

आता नळ घालतात कसा ते पाहू. याकरिता एक लांबच लांब बार्ज असतो. त्याच्यावर नळाचे सुमारे बारा-बारा मीटरचे तुकडे आणून टाकतात. एका ओळीत वेल्डिंगच्या अनेक जागा असतात. पहिल्या जागेवर दोन टोके जुळवून पहिला थर भरला जातो, दुसऱ्या जागेवर दुसरा थर, पुढे तिसरा. त्यानंतर सांध्याचा क्ष-किरणांनी किंवा ध्वनितरंगांनी तपास होतो. मग सांध्यावर लेप चढवितात. एका जागेचे काम संपले की सारा बार्ज बारा मीटर पुढे सरकतो आणि नळ तेवढाच मागून पाण्यात उतरतो. बार्ज सरकतो तोही कसा? चारी बाजूंना आठ-दहा नांगर टाकलेले असतात. पुढचे दोर गुंडाळायचे, मागचे सोडायचे. नांगराजवळ आले की टग बोटीने नांगर उचलून आणखी पुढे नेऊन टाकायचा. आपला तांडेल नांगराच्या दोरावर होडी ओढून घेतो, त्याचेच हे मोठे रूप होय. नवी जहाजे आता नांगराशिवाय, उपग्रहाच्या मदतीने, पंख्यांच्या जोरावर एका जागी उभी राहतात.

मागच्या टोकाला नळ एकदम खाली पडला तर ओला बोरू मोडावा तसा तो चेपून जाईल. म्हणून बार्जच्या मागे एक वाकडी लांब शिडी पाण्यात सोडलेली असते. तिच्यावरून नळ हळूहळू उतरतो, आणि बार्जवर एक यंत्र त्याला सतत मागे खेचून धरते. खेच कमी पडली की नळ वाकला आणि चेपला. बाजूने पाहिले तर नळाचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. फार खोल समुद्रात याऐवजी नळ जवळजवळ उभाच सोडतात. रशियातून तुर्कस्तानकडे काळ्या समुद्राखालून जाणारा वायूचा नळ २००० मीटरहून अधिक खोलीवर असाच घातला गेला. हवामान चांगले असले तर असा बार्ज दिवसाला दोन-तीन किलोमीटर नळ घालतो. आपल्याकडे हे काम पावसाळा संपल्यापासून मेपर्यंतच चालते. नंतर नळात पाणी भरून, कामात येणार असलेल्या दाबापेक्षा अधिक दाब देऊन परीक्षा घेतात, आणि त्यात उतरला तरच नळ चालू होतो.

एक साधा हिशेब करा. २०० किलोमीटरला बारा-बारा मीटरचे किती तुकडे? साडेसोळा हजारांहून अधिक. तेवढेच सांधे. त्यांपैकी एक जरी सांधा फुटला तरी तेल समुद्रात. आपल्या शाळेत ३५ टक्क्यांना पास करतात. इथे शंभरात नव्व्याण्णव सांधे चांगले, म्हणजे दीडशेहून अधिक सांधे फुटके! म्हणून ज्याचा हात पक्का आहे व ज्याच्याजवळ तसा दाखला आहे, त्याच वेल्डरला तिथे मान व पैसा मिळतो. बाकीचे त्याला सळ्या उचलून देतात.

पाण्याखालील कामाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मुंबई हायला पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तळाशी पाणबुड्यावर साडेआठ पट दाब. त्या दाबात श्वास घेतलेला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस झटकन वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होतात. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये यावर कोष्टके तयार केली, कोठे किती थांबत वर यायचे ते ठरविले. खोल कामासाठी आता पाणबुडे जहाजावरील एका पोलादी खोलीत, तळाएवढ्याच दाबात, आठवडेच्या आठवडे राहतात. हवेऐवजी हेलियम व प्राणवायू घेतात, त्यामुळे त्यांचा आवाज बदकासारखा होतो. काम संपल्यावर केवळ बाहेर येण्यासाठी त्यांना तीन-चार दिवस लागतात. घाई केली तर मृत्यू.

आखाताशी तर आपला संबंध तेलाच्या आधीचा आहे. तेथील पाणबुडे नाकाला चिमटा लावून, एका श्वासात, मोती काढीत. तो मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी तो धंदा बसला. १९६० च्या दशकापर्यंत आखातातील कित्येक बंदरांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५१ मध्ये सौदी अरबस्तानच्या समुद्रात सफानिया हे तेलक्षेत्र सापडले, १९५८ मध्ये अबू धाबीच्या समुद्रात उम्म शैफ. मोती गेले आणि त्याच पाण्याखाली तेल निघाले. पण एक फरक ध्यानात घ्या. मोत्याला दमदार छाती पुरत होती. तेलाला हिशेब, नकाशा व यंत्र समजणारे डोकेही लागते.

पालकहो, केवळ पगाराची बाजू सांगून थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. या कामात जीव जातात. जुलै १९८८ मध्ये स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलमंचावर स्फोट होऊन १६७ माणसे मेली. दुरुस्तीसाठी बंद केलेला पंप दुसऱ्या पाळीने चालू केला. कागदावर लिहिलेली सूचना योग्य हाती पोचली नव्हती. २६ जुलै २००५ चा पाऊस आपण कोणीच विसरणार नाही. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायवर एक जहाज मंचाला धडकले. तळातून वर येणारा उभा नळ फुटला, आग लागली आणि २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज नांगर तुटून भरकटला, मंचावर आदळला व बुडाला. वर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक परतली नाहीत. वादळाचा इशारा हवामान खात्याने आधी दिलेला होता. तिथे अडकलेले बहुतेक जण वेल्डर, फिटर, हेल्पर, म्हणजे आपल्या घरांतल्यासारखीच मुले होती.

तेव्हा मुलाला पाठविताना दोन गोष्टी पाहा. पहिली, एजंट परवानाधारक आहे की नाही व करारनाम्यात काम, पगार आणि विमा काय लिहिला आहे. करार मुलाला स्वतःला वाचता आला पाहिजे. दुसरी, जीवरक्षक जाकीट कोठे आहे, धोक्याची घंटा कोणती, कोठे जमायचे, हे पहिल्याच दिवशी विचारण्याची त्याला हिंमत हवी. ही हिंमत अंगबळाने येत नाही. ज्याला वाचता येते, आपले काम समजते, तोच साहेबाला 'हा दोर झिजला आहे' असे सांगू शकतो.

आता त्या मुलाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी ईदच्या सुटीत तो माझ्या घरी आला. हातात मिठाईचा डबा, अंगात परदेशी शर्ट. पण चहा झाल्यावर म्हणाला, "सर, एक विचारू का? रागावू नका." त्याने हकीकत सांगितली. आखातातील एका बार्जवर तो हेल्पर होता. एके दिवशी फिटर आजारी पडला. नळ तिरपा कापायचा होता. त्यासाठी नळाला पट्टी गुंडाळून परिघाचे सारखे भाग पाडायचे व खडूने खुणा करायच्या असतात. फोरमनने पट्टी याच्या हाती दिली. हा तसाच उभा राहिला. फोरमन काही बोलला नाही, त्याने पट्टी काढून दुसऱ्या मुलाला दिली. तो मुलगा आज फिटर आहे. "सर, तुम्ही चार मार्क म्हणालात," तो म्हणाला, "ती तर माझी बढती होती."

बंधूंनो, मला उत्तर सुचले नाही. चूक त्याची नव्हती, मी त्याला उत्तर दिले नव्हते. त्या रजेत दोन महिने तो रोज रात्री इशानंतर माझ्याकडे येऊन बसे. आम्ही डालड्याच्या जुन्या डब्याला शिंप्याची टेप गुंडाळून परीघ शिकलो. त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला आणि गेल्या वर्षी पुन्हा रजा काढून दहावीची परीक्षा दिली. पास झाला. गणितात त्याला ५१ मार्क आहेत. मोठे यश आहे असे मी म्हणत नाही, पण आता पट्टी दिली तर तो घेईल.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. मुलगा समुद्रावर जाणार असेल तर जाऊ द्या, आपले वाडवडील गेले, खलाशी झाले, सारंग झाले. परंतु दहावी झाल्यावाचून पाठवू नका. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टलाही आजवर वेगळी अट लागत आली आहे. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा व फिटरचा दोन वर्षांचा आहे. जी एक-दोन वर्षे वाचविण्यासाठी आपण घाई करतो, त्यांची किंमत मुलगा पुढे तीस वर्षे सळ्या उचलून फेडतो. आणि मुलींचे पालकहो, नळ घालण्यापूर्वी तळाचे नकाशे, आराखडे व हिशेब होतात, ते कचेरीत बसून होतात. भूगोल आणि गणितात आपल्या मुली मागे आहेत असे मला वर्गात तरी दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, 'याचा उपयोग काय' हा प्रश्न जरूर विचारा. तो उद्धटपणा नाही. आणि माझ्यासारखा एखादा शिक्षक 'चार मार्कांना येते' असे म्हणाला, तर पुन्हा विचारा. उत्तर शोधून आणणे हे आमचे काम आहे.